पॅकेटचा ओळखांक : एका अपुऱ्या विनिर्देशाचे परीक्षण

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेला आरएफसी ७९१ हा दस्तऐवज इंटरनेट प्रोटोकॉलचा मूलाधार होय. पॅकेटच्या हेडरमध्ये त्याने १६ बिटांचा एक ओळखांक योजिला. वाटेत पॅकेटचे तुकडे झाल्यास कोणता तुकडा कोणत्या पॅकेटचा, हे मुक्कामी कळावे एवढेच त्याचे प्रयोजन. प्रेषक, ग्राही व प्रोटोकॉल तेच असता, पॅकेट जिवंत असेतोपर्यंत हा अंक पुन्हा येऊ नये, अशी अट आहे. प्रत्येक ग्राहीसाठी स्वतंत्र नोंद ठेवावी, हा मार्ग दस्तऐवज सांगतो. परंतु ६५,५३६ मूल्ये उपलब्ध असल्याने ग्राहीचा विचार न करताही काहींचे काम भागेल, अशी सवलतही तो देतो.

आमच्या मते पुढील अनर्थाचे मूळ या सवलतीत आहे. अनेक ऑपरेटिंग सिस्टिमांनी सोपा मार्ग पत्करला : साऱ्या यंत्रासाठी एकच गणक, आणि पॅकेटगणिक त्यात एकाची भर. असा अंक केवळ पॅकेटची ओळख सांगत नाही. यंत्राने मध्यंतरी किती पॅकेटे पाठविली हेही तो कोणाही तिऱ्हाईतास सांगतो. १९९८ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी याच वैगुण्यावर आधारलेली युक्ती मांडली. निष्क्रिय यंत्राच्या नावाने लक्ष्याकडे खोटी विनंती धाडावी. लक्ष्याचे द्वार उघडे असेल तर ते त्या निष्क्रिय यंत्रास स्वीकृती पाठविते, ते यंत्र नकार कळविते आणि त्याचा गणक एकाने पुढे सरकतो. शोधणारा स्वतः पडद्याआडच राहतो. २००२ मध्ये स्टीव्हन बेलोव्हिन यांनी एकाच पत्त्याआड दडलेली यंत्रे याच अंकांच्या मालिकांवरून मोजण्याची रीत दाखविली.

यावर 'अंक यदृच्छेने निवडावा' असे उत्तर सहज सुचते, आणि ओपनबीएसडीने तो मार्ग धरलाही. परंतु निव्वळ यदृच्छेने निवडल्यास सुमारे ३०० पॅकेटांतच एखादा अंक पुन्हा येण्याची संभाव्यता निम्म्यावर पोहोचते, म्हणजे मूळ अटच धोक्यात येते. गणकाची स्थितीही निर्वेध नाही. १,५०० बाइटांची पॅकेटे सेकंदाला एक गिगाबिट वेगाने जाऊ लागली, की सर्व मूल्ये एका सेकंदाच्या आतच संपतात. लिनक्सने २०१४ मध्ये मधला मार्ग काढला : २,०४८ गणक, आणि कोणता वापरावयाचा ते गुप्त किल्लीने ठरवावयाचे. तथापि अमित क्लाइन व बेनी पिंकास यांनी २०१९ मध्ये दाखविले की, अंकांवरून त्या किल्लीचाच माग काढून यंत्र ओळखता येते.

तेव्हा दोष केवळ रचनाकारांचा नव्हे. अनन्यता व अननुमेयता या भिन्न अपेक्षा आहेत. १६ बिटांत दोहोंचा पुरेसा निर्वाह होत नाही. आरएफसी ६८६४ ने २०१३ मध्ये, ज्या पॅकेटचे तुकडे झालेले नाहीत व होऊही शकत नाहीत, त्यास अनन्यतेच्या अटीतून मुक्त केले, हा निर्णय विवेकाचा होय : ज्या अंकास काम नाही, त्यास अर्थही नसावा. आयपीव्ही६ ने तर ओळखांक मुख्य हेडरमधून काढून केवळ तुकड्यांच्या हेडरमध्ये, ३२ बिटांचा करून ठेवला. मात्र १९९८ च्या आरएफसी २४६० मध्येही साधा चढता गणक पुरेसा मानला होता. ज्या वर्षी गणकाचा धोका उघड झाला, त्याच वर्षी नव्या प्रोटोकॉलने तो पुन्हा ग्राह्य धरला! अनुमेय अंकांचे धोके सांगणारा आरएफसी ७७३९ प्रसिद्ध होण्यास २०१६ उजाडावे लागले.

विनिर्देशाने काय साधावे एवढेच सांगून भागत नाही. काय उघड होऊ नये हेही त्याने सांगितले पाहिजे. तेथे मौन राहिले, की ती रिकामी जागा सोय भरून काढते, आणि सोयीची किंमत तिसराच कोणी मोजतो.