धुळ्याच्या वायरमनचे पाच गुण

कुशल माणूस परदेशातून आणायचा, तर सरकार त्याला निवडतं कसं? कॅनडाने 1967 साली गुणांची पद्धत आणली. जर्मनीचं जून 2024 पासून सुरू झालेलं ‘संधी कार्ड’ही त्याच वळणाचं आहे. 6 गुण मिळवा, वर्षभर तिथे राहून नोकरी शोधा. दिसायला एकदम निष्पक्ष! पण ही बेरीज तुम्ही स्वतः एकदा करून बघा.

समजा, धुळ्यातला आयटीआय झालेला 26 वर्षांचा इलेक्ट्रिशियन आहे. वय पस्तिशीच्या आत, 2 गुण. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव, आणखी 2. जर्मन ए-2 पर्यंत, 1. झाले पाच. नापास! तोच पोरगा बी-1 झाला की भाषेचे 2, आणि पास. हातातलं काम तेच, वायरिंग तीच.

आणि वेल्डर? तो तर दारातच अडकतो. किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण ही पूर्वअट आहे, आपला वेल्डर ट्रेड एक वर्षाचा.

प्रयोगशाळेत आम्ही म्हणतो, जे मोजायला सोपं तेच मोजलं जातं. इथे कागद मोजला जातो. जळगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोखीने राबलेल्याला अनुभवाचं पत्र कोण देणार? त्याचा अनुभव शून्यच. शिवाय गुणांच्या तक्त्यात नसलेली एक चाळणी आहे, ती पैशाची: 2025 मध्ये महिन्याला 1,091 युरोची सोय दाखवावी लागे. वर्षाचे बारा लाखांच्या वर. कापूस विकून?

म्हणून फेब्रुवारी 2024 चा महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेंबर्गचा करार मला कल्पना म्हणून जास्त पटतो. तिथली गरज आधी, माणूस नंतर, आणि भाषेचा भार सरकारकडे. खटकतं ते 10 हजारांचं लक्ष्य. आकडा जाहीर करणं सोपं. इलेक्ट्रिशियनला बी-1 पर्यंत न्यायला कित्येक महिन्यांचे रोजचे वर्ग लागतात, आणि तेवढे दिवस त्याची मजुरी बुडते. गटे संस्थेची केंद्रं मुंबई-पुण्यात. धुळे-जळगावात किती जण वर्गात बसले, किती बी-1 झाले, किती विमानात बसले, हे तीन आकडे सरकारने जिल्हावार, दर तिमाहीला छापावेत. दहा हजारांपेक्षा मला ते वाचायला आवडतील.