लहान चिपशी संवाद : मायक्रोकंट्रोलरवरील संवादी इंटरप्रिटरची चिकित्सा

बीजशब्द : मायक्रोकंट्रोलर, संवादी इंटरप्रिटर, फोर्थ, मायक्रोपायथन, स्मृतिव्यवस्थापन

मायक्रोकंट्रोलरचे अध्यापन बहुतांशी एकाच ठरावीक क्रमाने होत आले आहे. संगणकावर प्रोग्रॅम लिहावयाचा, कंपायलरकडून त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करावयाचे, तो चिपमध्ये उतरवावयाचा आणि दिवा लागला नाही तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. संवादी इंटरप्रिटर हा क्रम मोडतो. तो चिपवरच वास्तव्य करतो; टर्मिनलवर एक ओळ टंकली की चिप ती तत्क्षणी पार पाडते आणि उत्तर देते. मायक्रोपायथनमुळे ही कल्पना सर्वत्र पोहोचली, त्यामुळे ती नवीन असल्याचा समज रूढ झाला. तो समज तपासणे आणि या सोयीचे मोल काय पडते हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चार्ल्स मूर यांची फोर्थ ही भाषा १९७० च्या सुमारास आकारास आली आणि अमेरिकेतील किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी वापरली गेली. तिची रचना शब्दकोशासारखी आहे. जुन्या शब्दांपासून नवा शब्द घडवावा, तो लगेच उच्चारून पाहावा आणि मग त्याच्यावर पुढचा रचावा. इंटरप्रिटर आणि कंपायलर दोन्ही काही किलोबाइटांत सामावतात. इंटेलने ८०५२ च्या एका आवृत्तीत ८ किलोबाइट रॉममध्ये बेसिकचा इंटरप्रिटर बसविला होता. वर्षानुवर्षे ८०५१ शिकविणाऱ्या आपणा प्राध्यापकांना त्याच कुळातील हा बोलका भाऊबंद फारसा आठवत नाही, ही गंमतच म्हणावयाची. १९९२ चा बेसिक स्टॅम्प मात्र या मालिकेत बसत नाही. त्याच्या चिपवर इंटरप्रिटर होता, पण संवाद नव्हता. प्रोग्रॅम संगणकावर संकेतरूप होऊन मगच उतरत असे.

डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून मायक्रोपायथनचा प्रकल्प उभा केला. त्याच्या पहिल्या पायबोर्डवर १६८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १ मेगाबाइट फ्लॅश आणि १९२ किलोबाइट रॅम होती. मूळ ८०५१ मधील १२८ बाइट रॅमच्या ती दीड हजार पट भरते. म्हणजे येथे 'लहान' या शब्दाचा अर्थच बदलला आहे. फोर्थ चिपच्या मापाची झाली. पायथनने चिप मोठी होण्याची वाट पाहिली. २ किलोबाइट रॅमच्या आर्डुइनो उनोवर फोर्थ आजही चालते, मायक्रोपायथन चालत नाही. अर्थात जॉर्ज यांच्या कामातील काटकसर उणी लेखता येणार नाही. लहान पूर्णांक स्वतंत्र जागा न घेता संदर्भाच्याच शब्दात साठविले जातात, आणि आधीच गोठविलेली मॉड्यूल्स रॅममध्ये न येता फ्लॅशमधूनच चालतात. म्हणूनच १६ किलोबाइट रॅमच्या मायक्रोबिटवरही ही भाषा उभी राहू शकली.

खरा आक्षेप स्मृतीच्या आणि काळाच्या संदर्भात घ्यावा लागतो. पायथनमध्ये वस्तू निर्माण होत राहतात. जागा संपली की कचरा गोळा करणारी यंत्रणा सर्व वस्तू तपासते आणि तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबतो. हा विराम मिलिसेकंदांच्या घरातील असतो आणि केव्हा येईल हे कार्यक्रमाच्या ओळी वाचून कळत नाही. शिवाय ही यंत्रणा वस्तूंच्या जागा हलवीत नाही. परिणामी एकूण मोकळी स्मृती पुरेशी असूनही सलग तुकडा न मिळाल्याने प्रोग्रॅम कोसळू शकतो. इंटरप्ट हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये तर सामान्यतः नवी वस्तू निर्माण करण्यासच मनाई असते. तेथे विद्यार्थी सेन्सरच्या वाचनास ०.१ ने गुणतो आणि स्मृतिदोषाचा संदेश येतो, कारण अपूर्णांक ही नवी वस्तू असते. भाषेने जे झाकले ते चिपने उघडे केले. सी भाषेत हे ज्ञान आधीच द्यावे लागते, येथे ते अपघाताने मिळते. आणि अपघाताने मिळालेले ज्ञान अभ्यासक्रमात बसत नाही.

असे असूनही प्रयोगशाळेतील पहिल्या तासिकांसाठी प्रस्तुत लेखकाचा कौल इंटरप्रिटरच्याच बाजूने आहे. आय-टू-सी तारांवर तापमानाचा सेन्सर जोडला असता प्रॉम्प्टवरील एक ओळ जोडलेल्या उपकरणांचे पत्ते सांगते. यादी रिकामी आली तर संशय प्रथम तारेवर, वीजपुरवठ्यावर किंवा पुल-अप रोधावर जातो, कारण चुकावे असे प्रोग्रॅममध्ये अद्याप काही लिहिलेलेच नसते. कंपायलरच्या मार्गाने दोष तारेत की तर्कात, हे ठरविण्यातच तासिका संपते. फोर्थ येथे काटकसरीत श्रेष्ठ असली, तरी तिची उलट पदक्रमाची लेखनपद्धती आणि स्टॅकच्या चुकीपासून संरक्षणाचा अभाव पहिल्या वर्गाला पेलणारा नाही.

मात्र एक धोका प्रात्यक्षिकाच्या वहीपर्यंत येतो. प्रॉम्प्टवर टंकलेली चलपदे मागे उरतात. त्यांच्या आधारे मिळालेले वाचन फाइलमधील प्रोग्रॅमचे नसतेच, आणि वीज गेली की ती स्थिती नाहीशी होते. म्हणून वाचन नोंदविण्यापूर्वी चिप रीसेट करावी, फाइल पुन्हा चालवावी आणि प्रॉम्प्टवर दिलेल्या आज्ञा क्रमाने वहीत उतराव्यात, असा नियम घालावा लागेल. प्रात्यक्षिक परीक्षेत गुण देताना केवळ लागलेला दिवा न पाहता हा क्रम पाहिला पाहिजे.