मुक्तस्रोत प्रणाली आणि ग्रंथपालांची ‘मानसिकता’ : एक आक्षेप

महाविद्यालयीन ग्रंथालयांत मुक्तस्रोत संगणकप्रणालीचा स्वीकार का होत नाही, ही चर्चा आपल्याकडे बहुधा ग्रंथपालांच्या ‘नकारात्मक मानसिकते’पाशी येऊन थांबते. प्रश्नावलीत ‘लिनक्सची भीती वाटते’ या विधानासमोर खूण झाली, की निष्कर्ष तयार! प्रस्तुत लेखकास हे निदान उथळ वाटते.

‘कोहा’चेच उदाहरण पाहावे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली सन २००० उजाडताच निरुपयोगी ठरणार होती. म्हणून ट्रस्टने १९९९ मध्ये काटिपो कम्युनिकेशन्सकडून नवी प्रणाली करवून घेतली व जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मात्र या भेटीमागे मोबदला देऊन नेमलेले तंत्रज्ञ होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आपल्या ग्रंथपालांना प्रणाली विनामूल्य मिळते. सर्व्हर, बॅकअप, दुरुस्ती मात्र त्यांच्याच माथी येते. हजारो नोंदी मार्क २१ स्वरूपात आणताना दाखलअंक गळाले, तर ग्रंथपडताळणीच्या वेळी जाब त्यांनाच द्यावा लागतो. इन्फ्लिबनेटचे ‘सोल’ मुक्तस्रोत नाही. परंतु अडचण आल्यास कोणास विचारावे, हे तेथे ठाऊक असते. ‘सोल’ न सोडणाऱ्यांना प्रतिगामी ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. (शिकण्याचा कंटाळा करणारे आपल्यात नाहीत, असे अर्थातच नव्हे.)

प्रश्नावलीत पहिला प्रश्न हवा तो असा : सर्व्हर बंद पडल्यास कोण येते, आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात किती तरतूद आहे?