रुपयाचा लगाम कोणाच्या हाती?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. तो वाचणारे मात्र थोडे. १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेला हा प्रबंध चलनशास्त्राचा, त्यातून इंग्रजीत. दिवाळीच्या फराळाबरोबर तो कोण हाती घेणार? तरीही आज घराघरांत जो वाद ऐकू येतो, आजी सोन्याची बाजू घेते, वडील बँकेतल्या ठेवीची आणि नातू बिटकॉइनची, त्याचा निवाडा करायला याहून चांगला पंच मला माहीत नाही.

ग्रंथाचा विषय वरवर पाहता जुना आहे. १८९३ पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेई. त्या साली ही मुभा बंद झाली आणि किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले. देशात रुपया चालावा आणि परदेशी देण्यापुरता त्याचा सोन्याशी दर राखावा, या व्यवस्थेची केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली तरफदारी केली होती. बाबासाहेबांनी नेमके तेथेच बोट ठेवले. परदेशाशी दर स्थिर राहिला म्हणून बाजारात रुपयाला तेवढेच धान्य मिळेल असे नाही. पाडणाऱ्याच्या हाताला लगाम नसेल तर भाव चढतात, मजुरी मागे रेंगाळते आणि फायदा व्यापाऱ्याच्या पदरात पडतो. चलनाच्या कोरड्या चर्चेत मजुराचे ताट आणून ठेवले, हा मला या ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आंबेडकर सोन्याचे पुरस्कर्ते होते, एवढेच आपण सांगतो. पण १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मांडलेली योजना पाहा: सोन्याचे नाणे पाडावे, रुपयाची टांकसाळ सरकारलाही बंद करावी, दोन्ही नाणी कायद्याने ठरलेल्या दराने चालावीत, मात्र रुपयाच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन नसावे. खरा जोर सोन्यावर नाही, मर्यादेवर आहे.

येथे नातवाचे डोळे चमकतील. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाही. मग ही तीच मर्यादा नव्हे काय? नव्हे! मर्यादा हे बाबासाहेबांचे साधन होते. साध्य होते ते नाण्याची खरेदीची ताकद स्थिर राखणे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला ६५ हजारांहून अधिक डॉलर मिळत होते. वर्षभरात भाव १६ हजारांच्या आसपास आला. महिनाअखेरीस किराणा किती येईल हे ज्याच्या भरवशावर सांगता येत नाही, ते सट्ट्याचे साधन असेल, संसाराचे नाणे नव्हे.

आजीचे सोने अधिक भरवशाचे खरे. १९९१ च्या संकटात खुद्द रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवून परकीय चलन उभे केले. पण अडीअडचणीचा ठेवा वेगळा आणि रोजचे चलन वेगळे. भाजीवालीला कोणी बांगडी मोडून देत नाही.

ग्रंथात एक उणीवही मला जाणवते. एडविन कॅनन या त्यांच्या गुरूंनी प्रस्तावनेत मतभेद लपविले नाहीत. तेव्हा आपणही भीड बाळगू नये. कायमची बांधलेली मर्यादा संकटात सैल कशी करावी? २०२० च्या टाळेबंदीत पैसा आखडून भागले नसते. म्हणून सरकारी चलनच टिकेल, असे मला वाटते. हाताला वेळ ओळखता येते, गणिताला येत नाही.

पण त्या हाताने हिशेब दिला पाहिजे. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईची वरची हद्द ६ टक्के ठरली. २०२२ मध्ये ती सलग तीन तिमाही ओलांडली गेली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सरकारला कारणे कळविली. तो अहवाल प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यात नाही, असे उत्तर संसदेत मिळाले. ज्यांच्या ताटातली भाकर लहान झाली, त्यांनाच कारण कळू नये! त्याच वर्षी डिसेंबरात सर्वसामान्यांसाठी ई-रुपयाचा प्रयोग सुरू झाला. रुपया कशावर खर्चावा, अशी अटही ज्यात घालता येते, ते हे चलन. हात असा लांब होत असताना लगामाची चौकशी कोणी करायची? ती करायला शिकविणारा ग्रंथ शंभर वर्षांपूर्वीच लिहिला गेला आहे. तो नुसता पूजेला लावू नये, वाचावा.