हिरवा चहा आणि वजनाचा हिशेब

कोल्हापुरात चहा म्हटला की दूध आणि साखर किंवा गूळ आलाच. आता बिनदुधाचा हिरवा चहाही घराघरांत येऊ लागला आहे. ‘पचन सुधारतो, चयापचय वाढवतो, वजन उतरवतो’ हे त्याच्याविषयीचे दावे तपासून पाहू.

आपल्या परसातला गवती चहा हे गवत. हिरवा चहा मात्र नेहमीच्याच चहाच्या झुडपाचा. खुडलेली पाने लगेच वाफवली किंवा भाजली की त्यांतील विकरे निष्क्रिय होतात आणि कॅटेचिने टिकून राहतात. कॅटेचिने व कॅफीन यांमुळे चयापचयाचा वेग किंचित वाढू शकतो. पण त्याने वजन किती उतरते? २०१२ साली कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात स्थूल प्रौढांवरील १८ चाचण्या तपासल्या गेल्या. जपानमधील निष्कर्ष परस्परांशी जुळत नव्हते. जपानबाहेरच्या सहा चाचण्यांत सरासरी फरक होता अवघा ४० ग्रॅम!

मग काहींचे वजन उतरते ते कसे? दिवसाला चार कप, कपात दोन चमचे साखर, चमच्याला सुमारे २० किलोकॅलरी. बिनसाखरेच्या चहाने या १६० किलोकॅलरी टळतात. गुळाचाही हिशेब जवळपास तोच. म्हणजे काम साखर सोडल्याने होते, श्रेय मात्र हिरव्या पानांना मिळते.

पचनाचे म्हणाल, तर जेवणासोबत घेतलेला चहा भाकरी-भाजीतील लोहाचे शोषण घटवतो. वाढत्या वयाच्या, रक्तक्षय असलेल्या मुलींनी वजनाच्या धास्तीने जेवणाऐवजी चहा घेणे म्हणूनच घातक. वर्गात हा हिशेब मुलांकडूनच मांडून घ्यावा.