कॅडमियम, वृषण आणि प्रथिनांचे मोजमाप
विष दिलेल्या उंदराचे वृषण वाटून लौरीच्या १९५१ च्या पद्धतीने एकूण प्रथिन मोजावयाचे आणि ते घटले की प्रथिनसंश्लेषण मंदावले असे म्हणावयाचे, ही रीत आपल्या निबंधांतून रूढ आहे. हा निष्कर्ष आम्हांस मान्य होण्यासारखा नाही. कॅडमियमच्या क्षारांनी वृषणाचा नाश होतो, हे पारिझेक व झाहोर यांनी १९५६ साली दाखविले. तेथे आघात प्रथम रक्तवाहिन्यांवर होऊन रक्तद्रवातील अल्ब्युमिन ऊतकात झिरपते; म्हणजे प्रारंभी वाढलेले प्रथिनही वृषणाचे स्वतःचे नव्हेच! पुढे शुक्रजनक पेशी मरून गळतात, त्यांची प्रथिनेही त्यांच्याबरोबर जातात. संश्लेषणाचा वेग कोणी पाहिलेलाच नसतो. सर्टोली पेशींच्या सांध्यांतील ऑक्ल्यूडिन घटते, तेही या एकूण आकड्यात बुडून जाते. पेशीगणना आणि किरणोत्सारी ल्यूसीनचे मापन यांवाचून असा निबंध स्वीकारू नये.