वा-वा पेडल आणि वाद्याची वाणी

कलेच्या क्षेत्रांत एखादें नवें साधन आलें म्हणजे त्यासंबंधीं दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, "हें तर यंत्र, यंत्राचा आणि कलेचा संबंध काय?" दुसरा पक्ष तें साधन विकत घेतलें कीं कलाहि हातीं आली असें समजून चालतो. दोन्ही पक्षांच्या विचारांत एकच उणीव आहे. साधन वापरणाऱ्या माणसाकडे दोघांपैकीं कोणीहि पाहत नाहीं. विद्युत्-गिटारच्या जोडीला पायानें चालवावयाचें 'वा-वा पेडल' म्हणून जें उपकरण आहे, त्याच्या बाबतींत हा वाद विशेष आवेशानें होतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आज मुलें-मुली गिटार शिकत असतील, आणि आज ना उद्यां या पेडलाची मागणी त्यांच्याकडून व्हावयाचीच. तेव्हां त्याच्या गुणदोषांची छाननी येथें अप्रस्तुत होणार नाहीं.

नांव ऐकून कोणास मैफलींतील 'वाहवा' आठवेल. पण हें नांव श्रोत्यांच्या तोंडचें नसून वाद्याच्या तोंडचें आहे. इ. स. १९६६ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियांतील थॉमस ऑर्गन कंपनींत ब्रॅड प्लंकेट हा तरुण अभियंता व्हॉक्स ॲम्प्लिफायरची रचना सुधारीत होता. मधल्या पट्टींतील नादास उठाव देणारें एक महागडें बटण काढून त्या जागीं फिरता रोधक बसवावा, म्हणजे खर्च वांचेल, एवढाच हेतु होता. तो रोधक फिरवितांना नाद उघडतो आणि मिटतो असें आढळलें, आणि मग ऑर्गनच्या पेडलाच्या पेटींत ती रचना घालण्यांत आली. १९६७ सालीं हें पेडल विक्रीस आलें, तेव्हां त्यावर नांव घातलें तें क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवादकाचें. 'शुगर ब्लूज' या १९३१ च्या ध्वनिमुद्रिकेंत त्यानें ट्रंपेटच्या तोंडाशीं झांकण हलवून असाच रडका नाद काढला होता. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदांत 'ट्रिकी सॅम' नॅन्टन हाहि रबरी झांकणाच्या साह्यानें ट्रॉम्बोनला बोलकें करीत असे. यंत्र नवें, पण त्यामागील हौस जुनी आहे. वाद्यानें माणसासारखें बोलावें, ही ती हौस.

हें बोलणें घडतें कसें? आपल्या संगीतशास्त्रांत नादाचे तीन धर्म सांगतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाति. मींड घेतांना उच्चनीचता बदलते. पेडल तिला स्पर्शहि करीत नाहीं. तें बदलतें नादाची जाति. नादांत मिसळलेल्या अनेक कंपनांपैकीं एका अरुंद पट्ट्यास तें उठाव देतें, आणि पाऊल टांचेवरून चवड्याकडे झुकलें कीं हा उठाव सुमारें ४०० हर्ट्झपासून २००० हर्ट्झपर्यंत वर सरकतो. माणसाच्या मुखांतहि असेंच होतें. एकाच सुरावर प्रथम 'ऊ' म्हणावें आणि मग तोंड उघडीत 'आ' म्हणावें. सूर तोच राहतो, मुखाची पोकळी तेवढी पालटते. उकारापुढें आकार आला कीं 'वा' होतो, हें शाळेंत संधि शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. 'सु' आणि 'आगत' यांचें 'स्वागत' होतें तें याच नियमानें. पाणिनीचा यण्-संधि अशा रीतीनें गिटारच्या पायथ्याशीं येऊन बसला आहे! परंतु या साधनाची मर्यादाहि येथेंच दिसते. मुखांत असे उठाव एकाच वेळीं दोन-तीन असतात. या पेडलांत एकच. म्हणून त्याला 'वा' सहज साधतो, पण स्वच्छ 'ई' उच्चारतां येत नाहीं. ज्याची वर्णमाला इतकी तोकडी, त्यानें बोलावयाचें तें मोजकें आणि नेमकेंच बोललें पाहिजे.

हा संयम कोणी कसा राखला, हीच आमच्या मतें खरी कसोटी होय. एरिक क्लॅप्टनच्या वादनांत 'टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसीज' या १९६७ च्या गीतांत पेडल आहे. तें गीताच्या मागें रंग भरतें आणि सुंदर भरतें, पण त्याचें काम मुख्यत्वें शोभेचें आहे. जिमी हेन्ड्रिक्सच्या १९६८ च्या 'वूडू चाइल्ड, स्लाइट रिटर्न' मध्यें गोष्ट निराळी होते. तेथें प्रारंभीं तारा हातानें दाबून धरलेल्या आहेत. ओळखूं येईल असा सूर निघतच नाहीं, ऐकूं येते ती केवळ लय आणि पायाची उघडझांप. गाण्यापूर्वीं वाद्य जणूं घसा साफ करून घेतें, आणि मग जेव्हां सूर उमटतो तेव्हां तो बोलत असल्याविषयीं आपणांस शंका उरत नाहीं. आयझॅक हेज याच्या १९७१ च्या 'शाफ्ट' चित्रपटाच्या संगीतांत चार्ल्स पिट्सनें तेंच साधन तालाच्या कामास जुंपलें. मायकेल शेंकर यानें तर पेडल अर्धवट उघडून तसेंच स्थिर ठेवावयाचें आणि एकाच स्वराच्या छटेंत वाजवावयाचें, अशी रीत रूढ केली. न हललेलें पेडलहि बोलतें, हें त्यानें दाखविलें.

आतां दोषाकडे वळूं. नवशिका वादक पेडल हातीं येतांच, किंबहुना पायीं येतांच, प्रत्येक मात्रेवर पाऊल वरखालीं करूं लागतो. पिट्सहि लयीशीं बांधलेला आहे, असा आक्षेप येथें कोणी घेईल. पण त्याच्याकडे तालच सोंपविलेला होता. गाण्याची धून दुसऱ्यांकडे होती. जो धून वाजवितो त्याच्या पावलानें वाक्याचा अर्थ पाहिला पाहिजे. प्रत्येक शब्दावर सारखाच जोर देणारा वक्ता जसा कांहींच ठसवूं शकत नाहीं, तसेंच हें आहे. पायाचे श्रम नकोत म्हणून आपोआप उघडणारीं उपकरणेंहि निघालीं आहेत. १९७२ च्या 'म्यू-ट्रॉन' जातीचें उपकरण तारेवरील आघाताच्या जोराप्रमाणें उघडतें, आणि स्टीव्ही वंडरनें १९७३ च्या 'हायर ग्राउंड' मध्यें त्याचा उत्तम उपयोग केला. तथापि त्यांत स्वराचा उघडेपणा आघाताच्या जोरास बांधला जातो. हळू आवाजांत उघडा 'आ' म्हणण्याची, किंवा जोरानें मिटल्या तोंडीं बोलण्याची मुभा त्यांत सहसा राहत नाहीं. ती मुभा पायाकडे आहे, आणि म्हणून आम्ही पायाच्या पक्षाचे आहों.

पेडल निवडतांना हेंच तत्त्व ध्यानांत ठेवावें. जुन्या पेडलांतील अमुक वेटोळ्याच्या महिम्याविषयीं बरेंच बोललें जातें. वेटोळ्यानें नादांत फरक पडतो हें खरें, पण निर्णय कानानें करावा, दंतकथेनें करूं नये. एकच स्वरसमूह वाजवून पाऊल अगदीं सावकाश टांचेपासून चवड्यापर्यंत न्यावें. खालच्या टोकास नाद घुसमटतो काय, वरच्या टोकास किंचाळतो काय, आणि मधला पालट सगळ्या प्रवासांत वांटलेला आहे कीं शेवटच्या बोटभर अंतरांत कोंबलेला आहे, हें पाहावें. नंतर पेडल बंद करून गिटार ऐकावी. कांहीं पेडलें बंद असतांनाहि मूळ नादाचें तेज खातात. तसें होत असेल तर तें पेडल परत ठेवावें. पाऊल हलवितांना खरखर येत असेल तर आंतील रोधक झिजला अथवा मळला आहे असें समजावें. नाद फाडणारें 'डिस्टॉर्शन' सोबत असेल तर त्याच्या आधीं वा-वा ठेवल्यास पालट सौम्य आणि कंठासारखा होतो, नंतर ठेवल्यास प्रचंड आणि भडक. जुन्या धर्तीच्या कांहीं 'फझ' पेडलांच्या आधीं वा-वा जोडलें कीं त्याची झेंप खुंटते. तेथें मध्यें बफर घालावा किंवा क्रम उलटा करून पाहावा.

परंतु सर्वांत महत्त्वाची परीक्षा दुकानांत होत नाहीं. शिकणाऱ्यानें वाजवावयाची ओळ आधीं स्वत:च्या तोंडानें म्हणून पाहावी. कोठें तोंड आपोआप उघडतें, कोठें मिटतें, कोठें एकाच स्वरावर थबकतें, हें ओळखावें, आणि मग तेवढेंच पावलास शिकवावें. ज्या मुलास अशी एक ओळ गातां येते, त्याच्या पालकांनीं पेडलाची मागणी खुशाल मान्य करावी. ज्याला ती अजून येत नाहीं, त्याला पेडल नाकारण्यापेक्षां आधीं गावयास शिकवावें. त्यास खर्च कमी लागतो, आणि तें कोणत्याहि वाद्याच्या कामीं येतें.